घरचा वॉर्ड: अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा घरी नीट होण्यासाठी

अण्णांना हॉस्पिटलमधून घरी आणलं, त्याच्या एकोणिसाव्या दिवशी त्यांच्या माकडहाडावर रुपयाएवढी जखम सापडली. दिवसाला सेवेसाठी ठेवलेल्या मावशी होत्या, रात्रीला ब्रदर म्हणजे पुरुष मदतनीस होता, हवेची गादी होती आणि ही माणसं पाठवणाऱ्या ब्यूरोचे पैसे वेळेवर जात होते. मावशींना वाटत होतं की कूस ब्रदर बदलतो, ब्रदरला वाटत होतं की दिवसा मावशी बदलतात. मला वाटत होतं की माणसं ठेवली आहेत, आता अंग उघडून बघायचं काम माझं उरलेलं नाही. ती जखम भरून यायला साडेचार महिने लागले.

माझे वडील पक्षाघातानंतर जवळजवळ तीन वर्षं घरी होते. उजवी बाजू गेलेली, मधुमेह, सुरुवातीचे आठ महिने खाण्यासाठी नाकातून नळी आणि मधूनमधून कॅथेटर (लघवीची नळी). या काळात आमच्याकडे चौदा-पंधरा माणसं येऊन गेली. त्यातली काही अतिशय चांगली होती. पण तीच मावशी एका घरी उत्तम काम करते आणि दुसऱ्या घरी तिचं काम ढासळतं, हेही मी त्यांच्याच तोंडून ऐकलं. फरक कशाने पडतो, याचा विचार मी त्या जखमेच्या काळात फार केला.

हॉस्पिटलच्या वॉर्डात एक सिस्टर इनचार्ज असते. ड्यूटी बदलताना एक सिस्टर दुसरीला पेशंट समजावून देते, पलंगाच्या पायथ्याशी चार्ट अडकवलेला असतो, सकाळी डॉक्टरांचा राउंड होतो. ही सगळी व्यवस्था डिस्चार्जच्या दिवशी सुटते आणि घरी येतो फक्त पेशंट. ब्यूरो माणूस पाठवतो, पण इनचार्जची जागा रिकामीच राहते. ती घरातल्या कुणीतरी एकाने घ्यावी लागते, आणि कोण घेणार हे नाव घेऊन ठरवावं लागतं. “आम्ही सगळे बघतोच” असं जिथे असतं तिथे कुणीच बघत नाही. आमच्याकडे तसंच झालं होतं. पुढचं सगळं त्या एका माणसासाठी लिहिते आहे.

डिस्चार्जच्या आधीचे दोन दिवस

घरच्या सेवेचा दर्जा बराचसा हॉस्पिटलमध्येच ठरतो. डिस्चार्जच्या सकाळी बिल, विमा आणि अँब्युलन्स यांतच जीव जातो, त्यामुळे हे काम दोन दिवस आधी करायचं.

वॉर्डच्या सिस्टरना सांगा, “आम्हाला दाखवू नका, आमच्याकडून करून घ्या.” कूस बदलणं, डायपर बदलणं, नळीतून फीड (पातळ आहार) देणं, युरोबॅग (लघवीची पिशवी) रिकामी करणं, इन्सुलिनचं पेन लावणं, साखर तपासणं हे सगळं निदान दोनदा तुमच्या हातांनी त्यांच्या देखरेखीखाली व्हायला हवं. बघितलेलं आणि केलेलं यात किती अंतर आहे ते घरी पहिल्या रात्री कळतं. नुसता व्हिडिओ काढून ठेवला तरी नंतर मावशींना दाखवायला उपयोगी पडतो, फक्त आधी परवानगी घ्या.

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की तिथेच बसून वाचा. मला पुढच्या गोष्टी विचारून लिहून घ्याव्या लागल्या, कारण त्या कार्डावर नव्हत्या: हॉस्पिटलमध्ये येण्याआधी चालू असलेल्या गोळ्यांपैकी कोणत्या आता बंद, कोणत्या गोळ्या चुरून नळीतून द्यायच्या नाहीत (काही गोळ्या हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात, त्या चुरल्या की सगळं औषध एकदम अंगात जातं), कॅथेटर आणि नळी कोणत्या तारखेला घातली, कधी बदलायची, आणि साखर किंवा बीपी किती झालं की फोन करायचा. फोन कुणाला, तेही. हॉस्पिटलचा रिसेप्शनचा नंबर रात्री दोन वाजता फारसा कामाचा नसतो.

तोंडाने खायला देता येईल का, हा प्रश्न पक्षाघातात वेगळा विचारा. गिळण्याची तपासणी झाली आहे का ते विचारा. अशा पेशंटला पाण्यासारखा पातळ पदार्थ सर्वांत अवघड जातो आणि दाट पेज किंवा घट्ट खीर त्या मानाने सोपी, हे कुणाच्या लक्षात येत नाही. मायेपोटी पाजलेला घोटभर चहा श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

कोणत्या कामाला कोणता माणूस

आपल्याकडे घरी येणाऱ्या प्रत्येक बाईला “सिस्टर” म्हणायची पद्धत पडली आहे, आणि त्यातून बरेच गैरसमज होतात. नर्सचं शिक्षण पाहिलं तर एएनएम (सहायक परिचारिका) हा कोर्स दोन वर्षांचा, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. या नर्सची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागा, आणि ती नोंदणी चालू आहे का तेही बघा. खरी नर्स त्याचा राग मानत नाही. मावशी, मामा, ब्रदर म्हणून येणाऱ्यांपैकी काहींनी जनरल ड्यूटी असिस्टंटचा काही महिन्यांचा कोर्स केलेला असतो, तर बऱ्याच जणी एखाद्या दवाखान्यात आया म्हणून काम करता करता शिकलेल्या असतात. अनुभवी मावशी नवख्या नर्सपेक्षा पेशंटला कितीतरी हळुवार हाताळते, हे मी पाहिलं आहे. तरीही कामांची सीमा पाळावीच लागते.

अंघोळ किंवा स्पंजिंग, तोंडाची स्वच्छता, डायपर, कूस, खाणंपिणं, उठवून खुर्चीत बसवणं, सोबत ही मावशींची कामं. नळी नव्याने घालणं, कॅथेटर बदलणं, शिरेतून इंजेक्शन, खोल जखमेचं ड्रेसिंग, गळ्याला पाडलेल्या छिद्राची काळजी आणि सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणं) ही शिकलेल्या नर्सची. ब्यूरोवाले म्हणतात, “आमच्या मावशी सगळं करतात.” हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. इन्सुलिन आणि गोळ्या घरच्यांनीच द्याव्यात असं माझं मत आहे. निदान डोस भरून ठेवणं तरी घरच्यांकडे असावं.

चोवीस तास नर्स ठेवणं फार थोड्या घरांना परवडतं, आणि बहुतेक पेशंटना त्याची गरजही नसते. आम्हाला जमलेली घडी अशी होती: दिवसा मावशी, रात्री ब्रदर, आठवड्यातून दोनदा ड्रेसिंगसाठी जीएनएम सिस्टर तासाभरासाठी, आणि आठवड्याला तीन दिवस फिजिओथेरपिस्ट. फिजिओथेरपीची पदवी चार वर्षांहून जास्त काळाची असते. मालिश करणाऱ्याला फिजिओ समजू नका. फिजिओने शिकवलेले व्यायाम उरलेले चार दिवस मावशींनी करून घ्यायचे, आणि हे दोघांना समोरासमोर बसवून ठरवायचं.

ब्यूरोशी बोलताना

महाराष्ट्रात नर्सिंग होमच्या नोंदणीचा १९४९चा कायदा आहे, पण तो रुग्ण दाखल होतात त्या जागेसाठी. घरी माणसं पाठवणाऱ्या ब्यूरोला लावायला तो फारसा उपयोगी पडत नाही. त्यामुळे चौकशी आपल्यालाच करावी लागते.

मी शेवटी शेवटी चारच गोष्टी विचारत असे. पहिली, मावशी आजारी पडल्या तर बदली किती तासांत येते, आणि बदलीला येणाऱ्या बाईला पेशंटची माहिती कोण देतं? दुसरी, तुमच्याकडून कुणी नर्स किंवा सुपरवायझर महिन्यातून एकदा तरी घरी येऊन काम बघते का? तिसरी, ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी आहे का? आणि चौथी, आम्ही दिवसाला देतो त्यातले मावशींच्या हातात किती पडतात?

चौथ्या प्रश्नाला बहुतेक जण टाळाटाळ करतात. तरी विचारा, आणि नंतर मावशींनाही विचारा. माझ्या अनुभवात घरच्या सेवेच्या दर्जावर या एका गोष्टीचा जेवढा परिणाम होतो तेवढा कशाचाच होत नाही. ज्या बाईला निम्मेच पैसे मिळतात ती शंभर रुपये जास्त देणारं घर मिळालं की जाते, आणि तिने जावंच. पण ती गेली की तुमच्या पेशंटला ओळखणारा माणूस जातो. अण्णांना बोलता येत नव्हतं. डाव्या हाताची बोटं चादरीवर घासली म्हणजे पोटात दुखतंय, हे ओळखायला आमच्या सुरुवातीच्या एका मावशींना तीन आठवडे लागले होते. त्या गेल्यावर नव्या बाईंनी त्याच खुणेला “हात शिवशिवतोय” समजून तेल लावलं. माणूस टिकणं हा दर्जाचा सर्वांत मोठा भाग आहे, आणि ब्यूरोच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख कधीच नसतो.

ठरलेलं सगळं एका कागदावर लिहा: ड्यूटीचे तास, कामांची यादी, सुट्टी, ॲडव्हान्स परत मिळण्याची अट, सणाच्या दिवशीचे पैसे, जेवण कुणाचं. मावशींनी घरातल्या इतरांचे कपडे धुवायचे की नाही हेही लिहा. माझं उत्तर आहे, नाही. पेशंटजवळची बाई ओट्याजवळ गेली की पेशंटच्या वाट्याचा वेळ जातो.

खोली

यात फार सांगण्यासारखं नाही. पलंगाला तिन्ही बाजूंनी जाता यावं, उंची मावशींच्या कमरेइतकी असावी, नाहीतर महिनाभरात त्यांची पाठ जाते. डोकं उचलता येणारा फाउलर पलंग भाड्याने मिळतो, विकत घेऊ नका. खिडकीचा उजेड, भिंतीवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि कॅलेंडर (पडून असलेल्या माणसाचं दिवस-रात्रीचं भान सुटतं), चालत्या हाताला पोचेल अशी घंटी, आणि दाराशी हात धुण्याची सोय. साबणाने हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात, तेवढा वेळ कुणी देत नाही, म्हणून पलंगाला सॅनिटायझरची बाटली बांधून ठेवा.

हवेच्या गादीबद्दल मात्र बोलायला हवं, कारण आमची फसगत तिनेच केली. ती गादी कूस बदलण्याला पर्याय नाही, मदत आहे. पंप सतत चालू हवा. त्यावर एकच सैल चादर घाला. मेणकापड, दुपटं, गोधडी असे थर चढवले की गादीचा उपयोग संपतो. तपासायचं असं: पेशंटच्या माकडहाडाखाली, गादीच्या खालून तळहात वर करून सरकवा. हाताला शरीर टेकल्यासारखं लागलं तर हवा कमी आहे. मध्ये इंचभर तरी हवा जाणवली पाहिजे.

पहिले तीन दिवस घरी थांबा

नवा माणूस येईल तेव्हा सुट्टी काढा. पहिल्या दिवशी तुम्ही करा आणि त्यांनी बघावं, दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून, तिसऱ्या दिवशी त्यांनी करावं आणि तुम्ही बघावं. अनुभवी मावशींनाही हेच लागू, कारण त्यांना काम येतं, तुमचा पेशंट माहीत नसतो. लकवा झालेला हात धरून ओढायचा नाही, खांद्याचा सांधा निसटतो, हे त्यांना माहीत असेलच असं धरून चालू नका.

सकाळी आठ आणि रात्री आठ, ड्यूटी बदलताना दहा मिनिटं दोघांचीही हजेरी हवी. जाणारी व्यक्ती येणाऱ्याला पेशंटजवळ उभं राहून सांगते: किती खाल्लं, लघवी किती, शौचाला झाली का, शेवटची कूस कोणती, कातडी कुठे लाल आहे, काय वेगळं वाटलं. ही दहा मिनिटं पगारात धरा. आमच्याकडे मावशी साडेसातला निघत आणि ब्रदर सव्वाआठला येत असे. मधल्या पाऊण तासात जे हरवलं, त्याचीच ती जखम होती.

वही

पलंगाजवळ दोनशे पानी वही, दोऱ्याने पेन बांधलेलं. रोजचं एक पान. वेळ, डावी की उजवी कूस की पाठ, खाणं-पाणी मिलिलिटरमध्ये, लघवी, शौच, बीपी, साखर, औषध दिल्याची खूण, आणि शेवटी एक ओळ “आज वेगळं काय”. लिहिता न येणाऱ्या मावशींसाठी आम्ही डावा बाण, उजवा बाण, ताट, थेंब अशी चित्रं छापून घेतली होती. त्यावर त्या फक्त खूण करत. त्यांनी एकही खूण चुकवली नाही.

वही एकदम भरलेली दिसली, सगळी एकाच शाईत, एकाच वेळी लिहिल्यासारखी, तर ती संध्याकाळी बसून भरली आहे हे समजा. तेव्हा ओरडू नका. वही आपल्याला हवी म्हणून लिहायची नाही, रात्रीच्या माणसाला हवी म्हणून लिहायची, हे समजावून सांगा. आणि तुम्ही ती रोज वाचा. वाचत नाही हे कळलं की आठवड्यात लिहिणं थांबतं.

शिक्षण कमी असलेल्या माणसांकडून घरी उत्तम आरोग्यसेवा होऊ शकते का, असं कुणी विचारलं तर मी गडचिरोलीकडे बोट दाखवते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात ३९ गावांमध्ये गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. या बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: तुलनेतल्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाला. पुढे आशा सेविकांच्या बाळभेटी देशभर सुरू झाल्या त्या याच धर्तीवर. तान्ह्या बाळाची सेवा आणि पक्षाघाताच्या म्हाताऱ्याची सेवा वेगळी, हे खरं. पण त्या बायकांना मिळालेल्या तीन गोष्टी इथेही जशाच्या तशा लागतात: हातांना दिलेलं शिक्षण, लिहिलेली नोंद आणि नियमित येऊन बघणारं माणूस.

रविवारी सकाळी तुम्ही काय बघायचं

आठवड्यातून एकदा अंघोळ तुम्ही घाला. मावशींवर पाळत ठेवण्यासाठी म्हणून नाही, अंग स्वतःच्या डोळ्यांनी बघण्यासाठी.

कातडी आधी. माकडहाड, टाचा, कंबरेच्या बाजूची हाडं, घोटे, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू, कानाच्या पाळ्या. लालसर जागा दिसली तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरी पडून परत लाल झाली तर अजून वेळ आहे. दाबूनही रंग बदलला नाही तर ती जखमेची सुरुवात आहे. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे जांभळट-काळपट डाग, शेजारच्या जागेपेक्षा गरम किंवा घट्ट लागणं बघा. अशा जागेवर मालिश करायचं नाही, आतली इजा वाढते. मध्ये भोक असलेली रबरी रिंगही नको, तिच्या कडा रक्तप्रवाह अडवतात. उपाय एकच, त्या जागेवरचा भार काढा. दर दोन तासांनी कूस बदला. पूर्ण आडव्या कुशीवर न टाकता पाठीमागे उशी देऊन तीस अंश कलतं ठेवा. टाचांखाली नाही, पोटऱ्यांखाली उशी द्या, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. वर सरकवताना काखेत हात घालून ओढू नका. आडवी चादर घालून दोघांनी उचला. कातडी फुटली असेल तर घरगुती पावडरी, हळद, तूप यांचे प्रयोग न करता त्याच दिवशी डॉक्टरांना फोटो पाठवा.

मग तोंड. नळीतून खाणाऱ्याचंही तोंड दोन वेळा स्वच्छ करावं लागतं. जीभ पांढरी, ओठ फुटलेले, वास येतोय, म्हणजे आठवडाभर कुणी हात लावलेला नाही. मावशींच्या कामाचा अंदाज घ्यायला मला तोंडाइतका खरा साक्षीदार दुसरा सापडला नाही, कारण पाहुणे येण्याआधी चादर बदलता येते, जीभ नाही.

नळी: नाकापाशी केलेली पेनची खूण सरकली आहे का? सरकली असेल तर फीड न देता सिस्टरला बोलवा. प्रत्येक फीडआधी ही खूण बघायची. फीड देताना डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर आणि नंतर अर्धा ते एक तास तसंच. आधी आणि नंतर पाणी सोडून नळी धुवायची. खोकला लागला, धाप लागली, ओठ निळसर झाले तर तिथेच थांबवायचं. स्टेथोस्कोप लावून हवा सोडायची आणि आवाज ऐकायचा ही जुनी पद्धत बरेच जण वापरतात, पण एकट्या आवाजावर विसंबता येत नाही.

कॅथेटरची पिशवी पलंगाच्या कडेला, मूत्राशयापेक्षा खाली, पण जमिनीला न टेकता. उचलून नेताना ती पोटावर ठेवण्याची सवय असते, त्याने लघवी उलटी आत जाते. पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. गढूळ, दुर्गंधी, रक्ताळ लघवी, थंडी वाजून ताप, किंवा अचानक असंबद्ध बडबड यांपैकी काही दिसलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. वृद्ध माणसात लघवीच्या संसर्गाची पहिली खूण कधी कधी नुसता गोंधळलेपणा असतो.

मधुमेही पेशंटची साखर ७० च्या खाली गेली आणि तो शुद्धीत, नीट गिळू शकणारा असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. नळी असेल तर नळीतून. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, अँब्युलन्सचा १०८ नंबर लावायचा. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं असं नव्याने दिसलं तरी १०८, आणि लक्षण सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. हे दोन परिच्छेद मोठ्या अक्षरात लिहून कपाटाच्या दारावर चिकटवा.

मावशींची सोय

चोवीस तासांच्या ड्यूटीवरच्या बाईला रात्री दर दोन तासांनी उठायला सांगायचं आणि दिवसा झोपू द्यायचं नाही, हे शक्यच नाही. आणि ती नाही म्हणत नाही, ती कूस चुकवते. एक माणूस चोवीस तास असेल तर दिवसाचे सलग पाच-सहा तास घरच्यांनी पेशंट आपल्याकडे घ्यायचा. आठवड्याची सुट्टी बुडवायची नाही.

जेवण घरातलंच, आपल्याबरोबर, ताजं. कप-बशी वेगळी ठेवणाऱ्या घरात मायेने सेवा होईल ही अपेक्षा करू नये. त्यांना हातमोजे पुरेसे आणून द्या, सुई लागली तर काय करायचं ते सांगा: वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, आणि लगेच डॉक्टर, खर्च आपला. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात टाका. डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या. पुण्यात ‘स्वच्छ’ या संस्थेच्या कचरावेचकांनी त्यासाठी पुडीवर लाल ठिपका काढायची मोहीमच चालवली, म्हणजे पुडीत काय आहे हे उघडून बघावं लागत नाही.

कॅमेरा लावायचा असेल तर सांगून लावा, पेशंटचे कपडे बदलताना तो बंद करायची सोय ठेवा. आमचा भाऊ परदेशात असतो. सुरुवातीला तो कॅमेऱ्यात बघून तिकडून मावशींना फोन करायचा, आणि दोन जणी त्यामुळे सोडून गेल्या. नंतर त्याने वहीच्या पानाचा रोजचा फोटो मागायला सुरुवात केली, डॉक्टरांशी ठरलेल्या दिवशी बोलणं आणि औषधं मागवणं ही कामं घेतली. लांब राहणाऱ्यांनी अशी पूर्ण कामं घ्यावीत. सूचना तिकडून आल्या की इथल्या माणसाचं फक्त ओझं वाढतं.

आणि तुम्ही स्वतः. मला सातव्या महिन्यात झोप लागेनाशी झाली होती, मी मावशींवर उगीच ओरडत होते. १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत फोनसेवा आहे, मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

पैसे, तक्रार आणि सरकारी मदत

विम्यात घरी झालेले उपचार काही अटींवर बसतात, पण मावशी-ब्रदरचा पगार बहुतेक पॉलिसींमध्ये बसत नाही. पॉलिसीतला तो परिच्छेद डिस्चार्जच्या आधी वाचा आणि सिस्टरच्या भेटीच्या पावत्या मागून घ्या. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सर्वांना आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळालं, तेही रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चासाठी आहे.

गावाकडे ब्यूरो नसतात. तिथे उपकेंद्राची सिस्टर आणि आशाताई यांना गाठा. २०१०-११ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांना घरी भेट देण्याची तरतूद आहे, पण ती मागावी लागते. मागताना पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहून घ्यायला लावा.

चूक झाली तर आधी मावशींशी एकांतात, मग ब्यूरोशी लेखी, तारीख आणि फोटो देऊन. मारहाण, चोरी, औषधात फेरफार किंवा पेशंटला बांधून ठेवणं, यात दुसरी संधी नाही, त्याच क्षणी ड्यूटी थांबवा आणि पोलिसांत कळवा. ॲडव्हान्स अडवला किंवा नर्स सांगून दुसरंच कुणी पाठवलं तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही. तिथे तुमची वही पुरावा म्हणून उपयोगी पडते.

काम संपतं तेव्हा

पेशंट हिंडूफिरू लागतो, किंवा जातो. दोन्ही वेळी घर इतकं गडबडीत असतं की मावशींचा हिशोब मागे राहतो. त्याच दिवशी पूर्ण पैसे द्या आणि नवं घर मिळेपर्यंत निदान आठवड्याचा पगार वर द्या. भाड्याचा पलंग आणि गादी धुऊन परत करा. उरलेली औषधं दुसऱ्या कुणाला देऊन टाकू नका.

आणि एक पत्र लिहून द्या. कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत, कशा पेशंटची सेवा केली, काय काय येतं, आणि खाली सही. आमच्या मावशींच्या पत्रात मी लिहिलं होतं की त्यांच्या दोन वर्षांत अण्णांच्या अंगावर एकही नवी जखम झाली नाही. पुढच्या घरी त्यांनी ते पत्र दाखवून आधीपेक्षा जास्त पगार मागितला, आणि तो त्यांना मिळाला.